भाऊ नोकरीसाठी दोन वर्षं नायजेरियाला चाललाय. पुण्याच्या माणसाला तिकडचा मलेरिया जास्त जड जातो का?

हो, जातो. भावाची तब्येत दणकट आहे, रोज पर्वती चढतो, असं तुम्ही लिहिलंय, पण त्याचा इथे फारसा उपयोग नाही. त्याचा ओडिशाचा सहकारी म्हणतो की मलेरिया दोन दिवसांत उतरतो. ते त्याच्या गावात त्याच्यापुरतं खरं असेल, तुमच्या भावाला मात्र लागू नाही.

मी हडपसरच्या एका लॅबमध्ये सोळा वर्षं रक्ताच्या स्लाइड बघते आहे. इथल्या स्लाइडवर मलेरियाचा परजीवी सापडला तर बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा सापडतो. तो कोवळ्या लाल पेशींतच शिरतो, त्यामुळे रक्तात त्याला फार पसरता येत नाही. नायजेरियात मुख्यतः फाल्सिपॅरम. तो कोणत्याही वयाच्या पेशीत शिरतो आणि त्याने धरलेल्या पेशी मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसतात. आम्हाला स्लाइडवर दिसतात त्या कोवळ्या अंगठ्या, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी. वाढलेले परजीवी आत दडलेले असतात, म्हणून स्लाइडवर थोडे दिसले तरी आजार थोडा आहे असं धरून चालत नाही.

एक स्लाइड मी विसरू शकत नाही. पन्नाशी ओलांडलेले इंजिनिअर, नायजेरियाहून परतून दोन आठवडेही झाले नव्हते. ऑक्टोबर महिना, ताप, प्लेटलेट उतरलेल्या, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात डेंग्यू. मलेरियातही प्लेटलेट उतरतात, पण पाच दिवस डेंग्यूच्याच तपासण्या झाल्या. प्रवासाबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सहाव्या दिवशी स्लाइड माझ्याकडे आली. शंभर पेशी मोजल्या की पाच-सहांत अंगठ्या, एखादीत दोन-दोन. रिपोर्ट छापायची वाट न पाहता मी डॉक्टरांना फोन लावला. शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध सुरू झालं, तरी डायलिसिस लागलंच. ते वाचले. पहिल्या-दुसऱ्या दिवशी निदान झालं असतं तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं, असं मला आजही वाटतं.

वयाचा हिशेबही आहेच: उतारवयात, लहान मुलांत आणि गरोदरपणी हा आजार जास्त बळावतो. प्लीहा काढलेल्यांनाही धोका मोठा. भाऊ तरुण आहे, ही जमेची बाजू.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन गेला की शरीर थोडंफार सरावतं. लागण होते, पण ती सहसा जिवावर बेतत नाही. युरोपात स्थायिक झालेल्या आफ्रिकी लोकांतही तिथे जन्मलेल्या प्रवाशांपेक्षा गंभीर आजार कमी दिसतो. मात्र गाव सुटलं, वर्षं गेली की हा सराव ओसरत जातो. आमच्याकडे सेंटरिंगची कामं करणारे ओडिशा-झारखंडचे कामगार येतात. गावी जाऊन आल्यावर ताप आला तर 'हा नेहमीचाच' म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेतात. खाडा केला तर रोज बुडतो, म्हणून तपासणीला चौथ्या-पाचव्या दिवशी येतात. आणि त्यांची पुण्यात जन्मलेली मुलं? बापाचा सराव त्यांच्याकडे नसतो. सुट्टीत ती आजोळी जातात ती तुमच्या भावाइतकीच कोरी. मला सगळ्यात काळजी या मुलांची वाटते.

भावाने निघण्याआधी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांचं विचारावं. क्लोरोक्विन तिकडे भरवशाचं नाही. डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच लोक सोडतात. मच्छरदाणी तर हवीच. तिकडे ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा.

सुट्टीवर पुण्यात आला असताना ताप आला तर डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या आधी 'मी नायजेरियाहून आलोय' हे सांगायचं, मग बाकीचं. फाल्सिपॅरम बहुतेक वेळा महिन्याभरात डोकं वर काढतो, पण परतल्यावर तीन महिने तरी हे विसरू नये. आमच्या फॉर्मवर प्रवासाचा रकाना असतो, तो जवळजवळ नेहमी रिकामा येतो. तेवढा त्याला स्वतःच्या हाताने भरायला सांगा.