स्वस्त प्लेअरच्या मोहात पडू नको

भावा, लातूरला जुना एचडी डीव्हीडी प्लेअर स्वस्तात मिळतोय म्हणतोस, तो घेऊ नको. तो प्रकार काढणाऱ्या तोशिबा कंपनीनं २००८ च्या फेब्रुवारीतच ब्लू-रे या स्पर्धक डिस्कपुढं हात टेकले, त्याच्यासाठी नव्या डिस्क येतच नाहीत. ब्लू-रेच घे, एका थरात २५ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीत १५ च.

पण डिस्क घेताना पाठीमागचं अक्षर बघ. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेत, डिस्कचा आणि प्लेअरचा विभाग जुळावा लागतो; भारत 'सी' विभागात आहे. अमेरिकेची 'ए'वाली मी हौसेनं मागवली, प्लेअरनं घेतलीच नाही, लई वाईट वाटलं. फोर-के (जास्त स्पष्ट चित्राच्या) ब्लू-रे डिस्कला ही विभागाची अडचण नाही, मात्र तिला प्लेअरही फोर-केच लागतो. टीव्ही ३२ इंचीच असला तर साधी ब्लू-रे पुरे.

आणि आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट सारखी ये-जा करते, स्टॅबिलायझर आधी घे.