माग की पाठलाग?

प्रश्न आला तो असा : आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कलहारी वाळवंटातल्या सान या आदिवासी लोकांच्या शिकारीबद्दल मराठीत लिहिताना ‘ट्रॅकिंग’ला ‘पाठलाग’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. पाठीला लागायचं तर आधी पाठ दिसायला हवी. माग काढतात तो दिसेनासा झालेल्याचा, आणि सान शिकाऱ्याचं खरं कसब सावज नजरेआड झाल्यावरच लागतं. त्यांचं धनुष्य लहान, बाण हलका. जीव घेतं ते विष. डायम्फिडिया नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या जमिनीतून खणून काढतात आणि त्यांचा रस बाणाला लावतात. तोही अगदी टोकाला नाही, टोकाच्या मागे, म्हणजे चुकून ओरखडा गेला तर स्वतःवर बेतायला नको. हे विष सावकाश भिनतं. मोठं जनावर पडायला कधी अख्खा दिवस जातो, कधी जास्त. तोवर कळपाच्या खुरांच्या गर्दीतून त्या एकाचेच खूर ओळखत जायचं. हा पाठलाग कसा?

भर दुपारी कुडू हरणाला पळवून पळवून दमवतात, तिथे मात्र ‘पाठलाग’ लिहायचा मोह होतो. पण कुडू घडीघडीला झुडपांत गडप होतो. त्याला सावलीत अंग निववायला सवड मिळाली की सगळी धावपळ वाया. म्हणून धावता धावताही माग काढावाच लागतो. या प्रकाराला मी ‘दमवून केलेली शिकार’ म्हणेन.

‘मागोवा’ चुकीचा नाही, पण त्याला हल्ली वार्षिक अहवालाचा वास येतो.

आता व्युत्पत्ती. ‘माग’ संस्कृत ‘मार्ग’वरून आला, आणि ‘मार्ग’ ‘मृग’वरून, मूळ अर्थ जनावराची वाट. ‘मागे’ हाही त्याच घरातला. तेव्हा सान शिकाऱ्यासाठी याहून नेमका शब्द शोधायला नको. (‘सान’चा मात्र आपल्या लहानसानशी संबंध नाही. ते शेजारच्या खोईखोई लोकांनी दिलेलं नाव.)

माग काढणाऱ्या माणसाला गुजरातीत ‘पगी’ म्हणतात. मी सरळ ‘माग काढणारा’ लिहितो.

तरी शंका उरली असेल तर हे वाक्य करून पाहा. 2013 मध्ये नामिबियातल्या तीन सान जाणकारांना फ्रान्समधल्या गुहांत हिमयुगातल्या माणसांच्या पावलांचे ठसे वाचायला नेलं होतं. त्यांनी त्या माणसांचा पाठलाग केला, असं लिहाल?