पाणबुडीच्या गेममध्ये कूक घ्यावा की त्या जागी आणखी एक टॉर्पेडोवाला?

गस्त लांबची असेल तर कूकच घ्या. ‘यूबोट’सारख्या गेममध्ये खलाशी थकतात, त्यांचं मनोबल घसरतं, आठवडाभर डबाबंद अन्नच खाऊन वैतागलेला क्रू ऐन हल्ल्याच्या वेळी ढेपाळतो. हे मी स्वतः बोट गमावून शिकलो. गेमवाल्यांनी हे हवेतून काढलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या टाइप 7-सी जर्मन पाणबुडीवर 44 ते 52 माणसं असत आणि सगळ्यांचा स्वयंपाक एका चिंचोळ्या गॅलीत होई. जागा इतकी कमी की दोनपैकी एक संडास सुरुवातीला शिध्यानेच भरलेला! ताजं संपलं, पावाला बुरशी आली, की मग सगळी भिस्त डबे आणि रांदप्याच्या, म्हणजे कूकच्या, हातावर. गोव्यातल्या मालीमच्या मासेमारी जेटीवर कुठल्याही तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) विचारा, ट्रॉलरवर शीत-कडी बिघडली की जाळं ओढणाऱ्यांची तोंडं कशी होतात.

फक्त गेम बघून ठरवा. ‘कोल्ड वॉटर्स’मध्ये (2017) एकेक खलाशी सांभाळायचाच नसतो, तिथे कूकचा प्रश्नच येत नाही. आणि दोन-तीन दिवसांची छोटी मोहीम असेल तर खुशाल टॉर्पेडोवाला घ्या, तेवढे दिवस डब्यांवर निघतात.