चढवता येतं, उतरवता येत नाही

"मॅडम, मला विमान चढवता येतं. उतरवता येत नाही."

फोनवरचं तिचं पहिलं वाक्य हे. मला क्षणभर हसू आलं आणि लगेच ओशाळायला झालं, कारण पलीकडे हुंदका दाबल्याचा आवाज आला. वैष्णवी (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही), वय २०, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बारावी सायन्स झाल्यावर विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलट लायसन्ससाठी तिनं प्रवेश घेतला होता. हॉस्टेलवरच्या मुलांनी तिला नाव पाडलं होतं, 'अभिमन्यू'. शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. "मीपण हसते त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. हे मी वहीत लिहून ठेवलं.

तिचा सोलो होत नव्हता. सोलो म्हणजे शेजारच्या सीटवरून सर उतरून जातात आणि शिकणारा एकटा एक चक्कर मारतो. उड्डाण, धावपट्टीला समांतर अशी हजारेक फुटांवरून लांबट चौकोनी फेरी, आणि त्याच धावपट्टीवर परत. सगळं मिळून सहा-सात मिनिटांचं काम. पण लायसन्ससाठी जे २०० तास उडायचे असतात, त्यांतली ही सहा-सात मिनिटं कुणीच विसरत नाही. तिच्या बॅचमधल्या बहुतेकांचा सोलो १८ ते २२ तासांत झाला होता. तिचे २७ तास झाले होते आणि सर अजून शेजारीच बसून होते.

सीएची शेवटची परीक्षा देणारा मुलगा, चाळिशीत ड्रायव्हिंग शिकणारी बाई, पहिल्या वर्षाची डॉक्टर, सगळे माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊन थोड्याफार फरकानं हेच विचारतात. बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही, म्हणजे मी या कामासाठी नाहीच का? वैष्णवीचं उत्तर शोधताना माझी सुरुवातच चुकली, तेव्हा आधी ते सांगते.

मी तिला धीर दिला. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर म्हणजे हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नियमावली. भल्याभल्यांना घाम फोडणारे विषय. हिनं तिन्ही पहिल्या फटक्यात काढले होते. मी म्हटलं, "एवढं जमलं, तर हेही जमेल की!" ती शांतपणे ऐकत होती, "हो मॅडम" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "पण पेपर बसल्या जागी द्यायचे असतात. इथं जमीन वर येत असते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मला हे करता येईल' ही भावना येते कुठून, याबद्दल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली चार वाटा सांगितल्या. स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला विश्वास, आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यातला शब्दांचा विश्वास फार टिकाऊ नसतो, स्वतःच्या अनुभवाचा सर्वांत पक्का. एम.ए.ला हे पाठ होतं माझं. फोनवर मुलगी रडायला लागली आणि मी तीच कच्ची वाट धरली.

दुसऱ्या वेळी मी धीर दिला नाही. विचारलं, "जमत नाही म्हणजे नेमकं काय होतं? शेवटच्या दहा सेकंदांत?"

"सर ओरडतात, मी घाबरते, विमान आपटतं."

"याच क्रमानं?"

ती थांबली. "बहुतेक."

मी तिला वही घ्यायला लावली. उडून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत, फक्त शेवटच्या दहा सेकंदांबद्दल, जसं घडलं त्या क्रमानं लिहायचं. 'मी घाबरले', 'मी मूर्ख आहे' असली वाक्यं चालणार नाहीत. हात कुठे होता, डोळे कुठे होते, डोक्यात कोणतं वाक्य होतं, एवढंच.

आठवड्यानं तिनं पानांचे फोटो पाठवले. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण क्रम कळला, आणि तो तिनं सांगितला त्याच्या उलटा होता. सरांचं ओरडणं सगळ्यांत शेवटी होतं. त्याच्या आधी आपटणं, त्याच्याही आधी हातानं जोरात मागे ओढलेलं कंट्रोल, आणि या सगळ्याच्या आधी, विमान अजून शंभर-दीडशे फुटांवर असताना, डोक्यात एक वाक्य. जवळजवळ प्रत्येक पानावर तेच होतं. 'गेले दोन हजार.'

मी विचारलं, कसले दोन हजार?

तिनं हिशोब सांगितला. सेसना १७२ या शिकवायच्या लहान विमानाचा एक तास त्यांना पंधरा हजारांच्या घरात पडतो. तासाला आठ चकरा. म्हणजे एक लँडिंग साधारण एकोणीसशेचं. घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, हप्त्याची तारीख, धाकट्या भावाची अकरावी, हे सगळं घेऊन ती ताशी १२० किलोमीटरच्या वेगानं धावपट्टीकडे येत होती. रिक्षाचं मीटर बघत रिक्षा चालवावी, तसं. चुकली की दोन हजार गेले. मग पुढचं लँडिंग दोन हजार वसूल करायला. तेही गेलं.

आणि डोळे? डोळ्यांचा रकाना प्रत्येक पानावर कोरा होता. "मला आठवतच नाही मॅडम, मी कुठे बघत होते ते."

विमान कसं उतरवायचं हे मला कळत नाही आणि तसा आव मी आणलाही नाही. पण माणूस घाबरला की त्याची नजर आखडते, जवळच्या, धोक्याच्या गोष्टीला चिकटते, हे माझ्या कामातलं आहे. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं की चाक खड्ड्यातच जातं. मी म्हटलं, "एवढा एकच प्रश्न सरांना विचार. शेवटी मी कुठे बघायचं?"

तिला ते भयंकर वाटलं. २७ तासांत तिनं सरांना 'सॉरी सर' कितीतरी वेळा म्हटलं होतं. प्रश्न जवळजवळ विचारलाच नव्हता. विमानात सरांनी 'आय हॅव कंट्रोल' म्हणून कंट्रोल आपल्या हातात घेतलं की तिला ते 'तू नालायक आहेस' असं ऐकू यायचं. खरं तर ते दोन वैमानिकांमधलं ठरलेलं वाक्य आहे. या क्षणी विमान कुणाच्या हातात आहे याबद्दल गोंधळ नको, म्हणून दोघंही मोठ्यानं बोलतात. त्यात राग नसतो. (थोडा असेलही. सरही माणूसच, आणि पाठीला दणका त्यांच्याही बसतो.)

तिनं विचारलं. सर वैतागून म्हणाले, "अगं, वीस वेळा सांगितलंय! नाकापुढच्या डांबराकडे बघू नकोस, रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे बघ." त्यांनी खरंच वीस वेळा सांगितलं होतं. तिला ते पहिल्यांदा ऐकू आलं, कारण या वेळी प्रश्न तिचा होता.

त्यातलं गणित तिनंच मला समजावलं. जमिनीपासून दहा-वीस फुटांवर विमानाचं नाक हळूहळू उचलायचं असतं, म्हणजे मागची दोन चाकं आधी टेकतात. त्याला फ्लेअर म्हणतात. जवळच्या डांबराकडे पाहिलं की जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि हात घाईनं नाक वर ओढतो. विमान फुग्यासारखं वर उचललं जातं, वेग संपतो, आणि मग ते खाली बसतं ते आदळूनच. नजर लांब टोकावर असली की उंची किती उरली आहे ते कडेच्या नजरेला कळत राहतं. "म्हणजे मला जमत नाही असं नाहीये," ती सावकाश म्हणाली. "मी फ्लेअर लवकर करते."

मला या प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे वाक्य. तिची शंका गेली नव्हती, लहान झाली होती. 'मी यासाठी नाहीच' याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. 'मी फ्लेअर लवकर करते' याला सर उत्तर देऊ शकतात.

मग हॉस्टेलच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, डोळे मिटून, कंट्रोल समजून हातात झाकण धरून ती मनातल्या मनात चकरा मारायला लागली. वैमानिक याला चेअर फ्लाइंग म्हणतात आणि नावाजलेलेही ते करतात. 'गेले दोन हजार' जिथं यायचं, तिथं ती मोठ्यानं 'टोक' म्हणायची. "टोक... टोक... हळू..." रूममेट हसायची. पण या खुर्चीला तासाला पंधरा हजार पडत नव्हते.

पैशांचं मात्र खुर्चीवर सुटणारं नव्हतं. तिचे पप्पा रोज रात्री फोन करून विचारायचे, "झाला का गं सोलो?" मी म्हटलं, पप्पांशी एकदा मीही बोलते. हार्डवेअरच्या दुकानातून बोलत होते, मागे कुणीतरी खिळे मोजून मागत होतं. म्हणाले, "ताई, खरं सांगू का, सोलो म्हंजे काय ते मला धड ठाऊक पण नाही. तिच्या मामानं विचारलं म्हणून मी विचारतो." आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. रात्रीच्या फोनवर सोलो हा शब्द बंद, त्याऐवजी "आज वारा कसा होता?" आणि जास्तीच्या पंधरा तासांचे पैसे आत्ताच वेगळे काढायचे. ते खर्च झालेच असं समजायचं. दुसऱ्या गोष्टीला ते थोडे गप्प झाले, पण त्यांनी केलं. तोट्याचा माल आधीच बाजूला काढून ठेवायचा असतो, हे दुकानदाराला समजावून सांगावं लागत नाही.

तिच्या भिंतीवर कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचा फोटो होता. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं सगळ्या महिला कर्मचारी असलेलं विमान नेणाऱ्या कॅप्टन. फोटो छान होता, पण त्या दिवसांत त्याकडे पाहून तिला आणखी छोटं वाटायचं. शिखरावरचा माणूस दिसला की पायथ्याशी उभं असल्याचंच जाणवतं. मी म्हटलं, फोटो असू दे, पण ज्याला हे जड गेलं असा तुझ्याच शाळेतला कुणी शोध. एक सीनियर सापडली. तिचा सोलो ३८ तासांना झाला होता आणि आता ती रात्रीचं उड्डाण शिकत होती. तिनं सहज विचारलं, "तुझा स्लॉट किती वाजताचा असतो?" वैष्णवीचा बहुतेकदा बाराचा. एप्रिलातलं विदर्भ. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उसळत असते आणि लहान विमान त्यात होडीसारखं वरखाली होतं. १८ तासांत सोलो झालेली मुलं सकाळी साडेसहाला उडत होती. तिनं स्लॉट बदलून मागितला. महिनाभर स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहताना वाऱ्याचा हिशोब तिनं केलाच नव्हता.

एकदा तिनं हळूच विचारलं, "मी तुमच्याशी बोलते हे मेडिकलमध्ये येईल का?" (मेडिकल म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी.) हा प्रश्न वैमानिक होऊ पाहणारी बरीच मुलं मनात ठेवून गप्प राहतात, आणि मला त्या गप्प राहण्याचीच जास्त काळजी वाटते. मी सांगितलं, शिकताना अडलं म्हणून बोलणं हा आजार नाही. पण झोप-भूक दोन-तीन आठवडे उडाली, दरदरून घाम आणि धडधड यायला लागली, तर मी तुला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन, आणि मग मेडिकलच्या फॉर्मवर खरं तेच लिहायचं. लपवलेलं दुखणं हवेत जास्त महाग पडतं.

आणि नाहीच जमलं तर? हेही आम्ही बोललो. सगळ्यांना सगळं जमतं असं मी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. माझ्याकडे आलेला एक मुलगा ६० तासांनंतर थांबला. आज तो एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचला आहे, इंधन आणि मार्गाची आखणी करतो, आणि मजेत आहे. वैष्णवीनं चीफ इन्स्ट्रक्टरांना सरळ विचारलं, "सर, किती तासांनंतर तुम्ही मला थांब म्हणाल?" ते म्हणाले, "४५ ला बसून बोलू. आज नाही." मनातल्या अंधारात पसरलेल्या भीतीला एक आकडा मिळाला. त्या रात्री ती नीट झोपली.

तिचा सोलो ३६ व्या तासाला झाला. सकाळी सातला सर दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, "एक सर्किट मार." सरांचं वजन नसल्यानं विमान अपेक्षेपेक्षा लवकर उचललं गेलं, हजार फूट भसकन आले. शेवटच्या वळणानंतर तिला वाटलं, आपण उंच आहोत. टोकाकडे पाहिलं, तरी उंच. मग तिनं पॉवर पूर्ण दिली आणि उतरायचं सोडून पुन्हा वर गेली. गो-अराउंड.

आधी सरांबरोबर उडताना गो-अराउंड म्हणजे तिला नापास झाल्यासारखं वाटायचं. मोठ्या विमान कंपन्यांमध्ये ठरावीक उंचीपर्यंत विमान स्थिर झालं नाही तर गो-अराउंड करायचाच, असा नियम असतो. हे तिला पेपरात लिहिता येत होतं. त्या सकाळी शेजारची सीट रिकामी असताना तिला शंका आली आणि तिनं ती ऐकली.

दुसऱ्या फेरीला ती उतरली. "एकदा उडी मारली विमानानं, छोटी," तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. खाली मुलं पाण्याच्या बादल्या घेऊन उभी होती. पहिल्या सोलोनंतर भिजवायची पद्धत असते. 'अभिमन्यू' म्हणणारा मुलगा सगळ्यांत पुढे होता.

पुढच्या आठवड्याची आमची वेळ तिनं रद्द केली. मेसेज आला: "मॅडम, सॉरी, आज स्लॉट मिळालाय. क्रॉसविंड लँडिंग जमत नाहीये. डावीकडून वारा असला की उजवा रडर द्यायला उशीर होतोय. सरांना विचारते."