कोल्हापुरात पावसाळा संपल्यावर अंगणात कोणती बहुवर्षायू फुलझाडं लावावीत?

घरासमोर काळ्या मातीची पट्टी आहे, दुपारचं ऊन थेट पडतं आणि एकदा लावलेली झाडं वर्षानुवर्षं टिकावीत, असं तुम्ही लिहिलंय. अशा जागेला मी तगर, कण्हेर, साधी एकेरी लाल जास्वंद आणि कुंपणाला बोगनवेल सुचवेन. लहान मुलं किंवा शेळ्या-गुरं फिरत असतील तर कण्हेर वगळा, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. मोगराही चालेल. फक्त थंडीत तो वाढत नाही, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. निशिगंधाचे कंद मात्र आता नकोत, ते उन्हाळ्याअखेर लावतात.

दसरा ते दिवाळी ही लावणीची चांगली वेळ. मार्चचं ऊन तापेपर्यंत मुळांना चार महिने मिळतात. पण परतीचा पाऊस झाला असेल तर वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल सुकून माती खणण्याजोगी होऊ द्या. मूठभर माती दाबून गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. ढेकूळ फुटलं की खणायला घ्या. ओल्या काळ्या मातीत खणलं तर खड्ड्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं बाहेर शिरतच नाहीत.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. निघालेली माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, बारीक मुरूम एक भाग आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं नको, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते.

रोपं दगावतात ती बहुतेक मुळांभोवतीच्या गड्ड्यामुळे. नर्सरीतली बरीच रोपं तांबड्या चिकण मातीच्या घट्ट गड्ड्यात येतात. तो तसाच काळ्या मातीत ठेवला की भोवती ओल राहते, गड्डा आतून कोरडाठाक. वरून रोज पाणी घालूनही पानं माना टाकतात. म्हणून पिशवीसकट रोप बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग पिशवी कापा, बाहेरची अर्धा इंच माती बोटांनी हलकेच सोडवा, तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. बोगनवेलीला यातलं काही करू नका. तिची मुळं दुखावली की वेलीची वाढ खुंटते. फक्त भिजवून पिशवी उतरवा.

गड्ड्याचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच वर राहू द्या, खणलेली माती खाली बसतेच. खोड मातीत गाडलं तर बुंधा कुजतो.

लावल्यावर एक बादली पाणी सावकाश द्या. पहिला महिना तीन-चार दिवसांनी, पुढे आठवड्याने, तेही बोटभर खोल माती कोरडी लागली तरच. वर उसाचं पाचट तीन इंच पसरा, खोडाभोवती चार बोटं मोकळी सोडून. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडून कोवळी मुळं तुटतात, पाचटाखाली त्या फारशा पडत नाहीत.