कंसातला ‘एस’

प्रश्न : एका स्पर्धेच्या प्रवेशिकेचा इंग्रजी मसुदा तपासतो आहे. भाग एकट्यालाही घेता येतो आणि जोडीनंही, म्हणून सगळीकडे ‘पार्टिसिपंट’ लिहून पुढे कंसात ‘एस’ टाकलाय. नियमांमध्ये त्याच्यापुढे ‘इज’ हवं की ‘आर’? सहकारी म्हणतो, दोन्ही चालतं. आणि हे मोठ्यानं वाचायचं कसं?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याची किल्ली तिथंच आहे. हा कंस वाचता येत नाही. फार तर ‘पार्टिसिपंट ऑर पार्टिसिपंट्स’ म्हणायचं. तो डोळ्यांसाठी केलेला आहे, कानासाठी नाही. ‘चाइल्ड’चंच बघा. स्पेलिंगमध्ये पुढे कंसात तीन अक्षरं जोडली की ‘चिल्ड्रन’ झालं, अगदी बेमालूम. पण उच्चारात ‘चाइ’चा ‘चि’ होतो, तो कुठल्या कंसात घालणार? देवनागरीत तर ही युक्ती लिहूनच दाखवता येत नाही. ‘कंपनी’पाशी स्पेलिंगही हात टेकतं, कारण अनेकवचनात शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आयईएस’ येतं. कंसानं भर घालता येते, काढून काही घेता येत नाही.

आता क्रियापद. कंसातला मजकूर वाक्याच्या व्याकरणात धरायचा नाही, या न्यायानं ‘इज’ बरोबर. पण पुढच्याच ओळीत ‘हिज’, ‘हर’ की ‘देअर’ हा प्रश्न उभा राहतोच. मुद्रितशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी अशा एका सूचनेत प्रत्येक ठिकाणी तिरकी रेघ मारून दोन-दोन पर्याय दिले होते. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी शांतपणे म्हणाला, “बाई, यातलं नेमकं काय छापू?” तेव्हापासून माझा नियम असा, की कंसातला ‘एस’ रकान्याच्या मथळ्यात चालेल, क्रियापद असलेल्या वाक्यात नको.

तिथंही तो दरवेळी लागतोच असं नाही. ‘डू यू हॅव एनी चिल्ड्रन?’ या प्रश्नाला एकच मूल असलेला माणूस बिनदिक्कत ‘येस, वन’ म्हणतो. इंग्रजीतलं हे अनेकवचन संख्येबद्दल काही ठरवत नाही. एक, अनेक, सगळं त्यात मावतं. एकही नसेल तरी ‘नो चिल्ड्रन’च म्हणतात.

कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्यांनी यावर केव्हाच तोडगा काढलाय. ब्रिटनच्या 1850 च्या कायद्यानंच ठरवून टाकलं, की एकवचनात अनेकवचन आलं आणि अनेकवचनात एकवचन. आज तिथं 1978 च्या इंटरप्रिटेशन अ‍ॅक्टचं सहावं कलम तेच सांगतं, फक्त संदर्भातून वेगळा हेतू दिसत नसेल तर. एवढं असूनही वकिलांच्या कागदांत ‘पर्सन’पुढे कंस असतोच! सवय, दुसरं काय.

सगळ्यात मजा डॉस ही जुनी संगणकप्रणाली वापरताना यायची. एक फाइल कॉपी केली की पडद्यावर ‘1 फाइल(एस) कॉपीड’ उमटायचं. यंत्रानं मोजून झालंय, आकडा शेजारीच छापलाय, तरी कंस आहेच. त्याची माहिती कमी पडत नव्हती. दोन वेगळी वाक्यं लिहायचा कंटाळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा होता.

तर तुमच्या सहकाऱ्याला सांगा, दोन्ही चालत नाही. नियमांच्या सुरुवातीला एकदाच लिहा, की ‘एन्ट्री’ म्हणजे एक व्यक्ती किंवा जोडी. मग पुढे सगळीकडे ‘द एन्ट्री इज’, बिनधास्त. नावांच्या रकान्यात पहिलं नाव, दुसरं नाव (असल्यास) अशा दोन ओळी आखा. कंस लागलाच तर तो एवढाच.