हॉलमधली गुढी

दमाम, 5 एप्रिल 2025

प्रिय चिऊ,

पाडव्याचा फोटो पाहून तू विचारलंस, "आई, गुढी हॉलमध्ये पडद्यापाशी का? आजी म्हणते, गुढी दारात उभारायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तुम्ही ती लपवलीत का? आणि लपवलेली गुढी चालते का?" बाबा फोनवर घाईत होते, "इथे तसंच असतं" एवढंच म्हणाले. ते उत्तर तुला पुरलं नाही हे मला कळलं. शाळेची सुट्टी लागली की तू इथेच राहायला येणार आहेस, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

सौदी अरेबियात मुसलमान नसलेल्यांना आपली पूजाअर्चा उघड्यावर करता येत नाही. अख्ख्या देशात एक देऊळ नाही. घरात आपण दिवा लावतो, हळू आवाजात आरती म्हणतो, त्याला कोणी आडकाठी करत नाही. पण दाराबाहेर किंवा गॅलरीत काही मांडायचं नाही. म्हणून गुढी आत. हे मला आवडतं असं मी तुला खोटं सांगणार नाही. मी पंचवटीत वाढले. देवळाच्या घंटेने जाग यायची, आणि इथे आल्यावर कितीतरी सकाळी मी त्या आवाजाची वाट बघत अंथरुणात पडून राहायचे. पण बाबांनी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, घेतला तेव्हा हे नियम आपल्याला माहीत होते. माहीत असून आपण आलो. दुसऱ्याच्या घरात राहायला गेल्यावर त्या घराची रीत पाळायची, हे आजीनेच मला लग्नानंतर शिकवलं.

आता तुझा खरा प्रश्न, लपवली का. आमच्या समोरच्या दारात एक इजिप्शियन बाई राहतात. मला त्या माझ्या नावाने हाक मारत नाहीत, 'उम्म' म्हणून पुढे तुझं नाव घेतात. अगदी वाड्यात मला 'चिऊची आई' म्हणतात तसंच. यंदा पाडवा आणि इथली ईद एकाच दिवशी आली, 30 मार्चला. सकाळीच त्या ईदची बिस्किटं घेऊन आल्या, पिठीसाखरेत घोळवलेली. कह्क म्हणतात त्यांना. दार उघडं होतं, समोर गुढी. त्यांनी विचारलं, घरात लग्न आहे का? पैठणी, फुलं, वर तांब्या बघून तसं वाटणारच. मी सांगितलं, आमचं नवं वर्ष आजपासून सुरू होतं. त्यांनी जवळ येऊन पैठणीचा काठ हातात घेऊन पाहिला, येवल्याला अशी साडी विणतात हे ऐकून घेतलं आणि जाताना चार पुरणपोळ्या घेऊन गेल्या. लपवलेली गोष्ट कोणाला अशी हात लावून बघू देतात का, तूच सांग.

आणि एक बघ. आपल्याकडचं किती काही मुळातच घराच्या आत चालतं! आत्ता आजीने चैत्रगौर बसवली असेल. ती कोनाड्यात, झोपाळ्यावर. वाटली डाळ आणि पन्हं घ्यायला बायका घरात येतात, गौर रस्त्यावर जात नाही. संध्याकाळचा दिवा, शुभंकरोति, जेवताना ताटाभोवती पाणी फिरवणं, हे सगळं भिंतींच्या आतलं. ते इथे जसंच्या तसं आलं आहे. रस्त्याकडे तोंड करून असणाऱ्या गोष्टींचंच काय ते अवघड. रांगोळी उंबऱ्याच्या आत सरकली, आकाशकंदील स्वयंपाकघरात लागला. काही गोष्टी मात्र आणताच येत नाहीत. गेल्या महिन्यात रंगपंचमीला काकाने तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या त्या जुन्या हौदात, धप्पा मारला, तू वरून ओरडत होतीस, तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. ती रहाड इथे कुठून आणू? येत्या मंगळवारी कामदा एकादशीला राम आणि गरुड असे दोन्ही रथ निघतील. त्या गर्दीचं काय करू? तेवढं नाशिक नाशकातच राहणार, आणि त्याची आठवण येणार. आली की मला सांगायची, मनात ठेवायची नाही.

पाडवा आणि ईद एका दिवशी कशी, असं तू नक्की विचारशील. आपला महिना अमावास्या संपली की सुरू होतो, त्यांचा चंद्राची पहिली कोर दिसली की. 29 मार्चला अमावास्या होती. आपला फाल्गुन आणि त्यांचा रमजान बरोबरच संपला. पण त्यांचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, कधी थंडीत तर कधी भर उन्हाळ्यात. आपण सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतो, म्हणून पाडवा नेहमी कडुनिंबाला मोहोर येतो त्या दिवसांतच राहतो. पुढच्या वर्षी पाडवा आणि ईद अशीच जवळ येईल, मग 2026 च्या अधिक ज्येष्ठानंतर फारकत होईल. दोघांचं पंचांग चंद्रावरच चालतं हे मला इथे आल्यावर फार जवळचं वाटलं.

गुढीचं सामान कसं जमवलं ते सांगते. काठी म्हणजे पडद्याचा जास्तीचा दांडा. तांब्या भारतीय किराणा दुकानातून आणला. कडुनिंब आमच्या इमारतीमागेच आहे. या देशात कडुनिंब भरपूर लावलेत. मक्केजवळ अराफातच्या मैदानात हाजींना सावली मिळावी म्हणून हजारो झाडं आहेत. आपल्याला तिकडे जाता येत नाही, बाबांच्या बरोबर काम करणारे मालेगावचे एक चाचा हजला जाऊन आले, त्यांनी त्या झाडांचं इतकं वर्णन केलं की मलाच ती पाहिल्यासारखी वाटतात. साखरेची गाठी मिळाली नाही. मग अल-अहसाच्या खजुरांची माळ ओवली. अल-अहसा इथून दीड-दोन तासांवर आहे, पंचवीस लाख खजुरीची झाडं असलेलं प्रचंड मोठं मरूद्यान. तू आलीस की पहिल्यांदा तिथेच जाऊ. देवळात जावंसं वाटलं तर समुद्रावरच्या 25 किलोमीटरच्या पुलावरून बहारीनला जाता येतं, तिथे मनामामध्ये श्रीनाथजींचं जुनं मंदिर आहे.

बाहेर वागायचं कसं, हेही आधी कळलेलं बरं. परदेशी बायकांवर आता अबायाची सक्ती नाही, पण खांदे-गुडघे झाकणारे सैल कपडे हवेत. मी जुन्या बाजारात जाताना अबायाच घालते, मला त्यात मोकळं वाटतं. तुला नको असेल तर लांब कुर्ता चालेल. अनोळखी बायकांचे फोटो काढायचे नाहीत. बायका 2018 पासून गाडी चालवतात, मीही शिकते आहे. शाळा रविवार ते गुरुवार, मुलींचं आवार वेगळं. अजान तुला नवी नाही, जुन्या नाशकात मामाकडे ऐकली आहेस. रमजानात मात्र दिवसा रस्त्यात, गाडीत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा. इथे तो कायदाच आहे. पण कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. आजीच्या निर्जळी हरतालिकेच्या दिवशी तू तिच्यासमोर आइस्क्रीम खात नाहीस ना?

गणपतीची मूर्ती सामानात घालू नका. भाद्रपदात आपण हळदीचा गणपती करू आणि घरातच पाण्यात विसर्जन करू. आरतीला शेजारचं सोलापूरचं कुटुंब येतं, तू आल्यावर त्यांची मुलगी आणि तू, दोघी मिळून ताम्हन धरा.

आणि हे आजीला आजच वाचून दाखव, कारण ती उन्हाळ्याची कामं काढेल. खसखस या देशात अजिबात चालत नाही. ती अफूच्या बोंडातली, म्हणून इथे अमली पदार्थात धरतात आणि विमानतळावर सापडली तर मोठं संकट ओढवतं. जायफळही बंद आहे, पुरणात मी वेलचीच घातली. आजीच्या काळ्या मसाल्यात खसखस असते, तेव्हा आपल्यासाठी वेगळा कुटायला सांग, आणि कुटायच्या आधी डंकावरचं भांडं पुसून घ्यायला सांग. अनारसे खसखशीवर थापायचे नाहीत, तिळावर थापा. लोणचं, मेतकूट, कुरडया हवं तेवढं आणा. बाबांना शेंगदाण्याची चटणी हवी आहे, ते तुला स्वतः सांगणार नाहीत.

तुझी,
आई